अणुकचरा कुणाच्या दारात? न विचारण्याचा पाऊणशे वर्षांचा इतिहास



"परभणीत ना अणुभट्टी, ना युरेनियमची खाण. मग तुम्हाला अणुकचऱ्याचं काय पडलंय?" चळवळीतल्या एका मित्राने आम्हाला हे विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

सुरुवात आमच्या कामापासून करतो. शहरातल्या एका वस्तीत भंगार वेचणाऱ्या महिलांची बैठक होती. हातमोजे, ओळखपत्र, दवाखान्याच्या सुया असे नेहमीचे विषय झाल्यावर आम्ही त्यांना एक चित्र दाखवले. पिवळ्या पाटीवर काळा ठिपका आणि त्याभोवती तीन पाती. हे किरणोत्सर्गाचे जगभर चालणारे धोक्याचे चिन्ह आहे. बैठकीतल्या एकीलाही ते ओळखता आले नाही. एक मावशी म्हणाल्या, "हे तर पंख्याचं चित्र हाय की. दवाखान्यातलं भंगार आमच्याकडंच येतंय, पर हे आम्हाला कुणी सांगितलं न्हाई."

"कुणी सांगितलं न्हाई" या एका वाक्यात भारताच्या अणुकचरा धोरणाचा इतिहास आलेला आहे. तो कसा, ते पाहू.

आधी कचरा समजून घेऊ

विजेलाही कचरा असतो, हे मराठवाड्याला परळीच्या राखेने शिकवले आहे. ती राख डोळ्यांना दिसते, कपड्यांवर बसते, घशात जाते. अणुविजेचा कचरा दिसत नाही, त्याला वासही नसतो. अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या वापरलेल्या इंधनात सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० असतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, म्हणजे तेवढ्या काळात त्यांची तीव्रता निम्मी होते. त्याच इंधनातल्या प्लुटोनियम-२३९ ला निम्मे व्हायला सुमारे २४,१०० वर्षे लागतात. तथागतांना होऊन अजून २,६०० वर्षेही झालेली नाहीत. त्याच्या नऊपट काळ गेल्यावर हे प्लुटोनियम फक्त निम्मे झालेले असेल.

भारतात वापरलेल्या इंधनाला सरकार कचरा म्हणत नाही, संपत्ती म्हणते. होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमानुसार त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळे काढतात आणि पुन्हा इंधन म्हणून वापरायचे ठरवतात. या प्रक्रियेतून उरतो तो अतितीव्र द्रवरूप कचरा. तो काचेत वितळवून, पोलादी डब्यांत भरून साठवला जातो. हे काम आपल्या महाराष्ट्रात चालते. तुर्भ्याला १९६४ पासून पुनर्प्रक्रिया आहे. तारापूरला १९८५ पासून काचेत घट्ट करण्याचा कारखाना आहे आणि जवळच ते डबे ठेवण्याची तात्पुरती जागा आहे. कमी तीव्रतेचा कचरा केंद्राच्या आवारातच जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत पुरतात.

तात्पुरती म्हणजे काही दशके. त्यानंतर हा कचरा जमिनीत शेकडो मीटर खोल कायमचा गाडायचा, असे धोरण सांगते. पण अशी कायमची जागा देशात आजही नाही. ती कुठे करायची, हे कोण ठरवणार? ज्यांच्या पायाखाली ती होणार, त्यांना कोण विचारणार? तंत्रज्ञान अवघड असेल, पण हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही. तो सत्तेचा आहे.

१९४८: दरवाजा बंद करणारा कायदा

स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. ६ एप्रिल १९४८ रोजी संविधान सभेत, ती कायदेमंडळ म्हणून बसलेली असताना, पंतप्रधान नेहरूंचे अणुऊर्जा विधेयक चर्चेला आले. संशोधनापासून खनिजांपर्यंत सगळे सरकारच्या हाती आणि सगळे गुप्त. म्हैसूरचे सदस्य एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी हरकत घेतली. ब्रिटन आणि अमेरिकेच्या कायद्यांशी तुलना करून त्यांनी विचारले की, शांततेच्या कामासाठी हे संशोधन असेल तर इतकी गुप्तता कशाला? शांततेचा वापर आणि युद्धाचा वापर यांत रेघ कशी ओढायची ते आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुली नेहरूंनी दिली. विधेयक मंजूर झाले.

त्या मंत्रिमंडळात बाबासाहेब कायदामंत्री होते. हे लपवण्याचे कारण नाही. आम्ही विभूतिपूजा करायला बसलेलो नाही, आणि ती करू नका असे बाबासाहेबांनीच बजावले आहे. पण त्याच काळात त्यांच्या हातून जे संविधान आकार घेत होते, त्याचा पाया वेगळा होता. सत्ता कुणाचीही असो, तिने जाब दिला पाहिजे, हा तो पाया. अणुऊर्जा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत सहाव्या क्रमांकावर आली. म्हणजे विषय केंद्राचा. पण केंद्राचा म्हणजे संसदेचा. प्रत्यक्षात तो एका खात्याचा होऊन बसला.

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली निर्माण झाला. १९६२ च्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली आणि त्याच्या कलम १८ ने माहिती रोखून धरण्याचा अधिकार सरकारला दिला. कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे वेगळे नियम यायला १९८७ उजाडले. तोवर तारापूरची पहिली अणुभट्टी सुरू होऊन १८ वर्षे झाली होती.

राखणदार कुणाच्या पगारावर?

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. अणुकेंद्रे, दवाखान्यांतली यंत्रे, कचरा या सगळ्यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. पण हे मंडळ संसदेच्या स्वतंत्र कायद्याने बनले नाही, सरकारी आदेशाने बनले. ते उत्तर देणार अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा विभागाचा सचिव. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्यालाच अहवाल द्यायचा! गावात पाटलाने गायरान दाबले आणि चौकशी पाटलाच्याच कारकुनाकडे दिली, तर काय निघेल ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

तरीही एक माणूस बोलला. डॉ. ए. गोपालकृष्णन १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, १९९५ मध्ये, अणुकेंद्रांतल्या सुमारे १३० सुरक्षा प्रश्नांची यादी असलेला अहवाल तयार झाला. तो जनतेसमोर यावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम १८ ची गुप्तता ग्राह्य धरली. अहवाल बंदच राहिला.

त्याआधी २००० मध्ये आणखी एक गोष्ट घडली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्वतःच्या सुविधा नियामक मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांची सुरक्षा तपासायचे काम केंद्राच्या अंतर्गत व्यवस्थेकडे गेले. पुनर्प्रक्रियेची आणि अतितीव्र कचऱ्याची कामे मुख्यतः हेच केंद्र करत आले आहे, हे लक्षात घ्या. तीन वर्षांतच, जानेवारी २००३ मध्ये, तामिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात एक झडप निकामी झाली आणि अतितीव्र कचरा जिथे यायला नको तिथे आला. तिथे काम करणाऱ्या सहा कामगारांना वर्षभराच्या मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग सोसावा लागला. देशाला हे नीट कळायला काही महिने गेले.

२०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, नियामक मंडळाची झाडाझडती घेतली. नियम बनवण्याचा अधिकार मंडळाला नाही. नियम मोडणाऱ्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० नोंदलेली. किरणोत्सर्गी स्रोतांची पूर्ण यादी मंडळाकडे नाही, आणि वापरून झालेले स्रोत खरोखर सुरक्षित जागी गेले की नाही हे तपासण्याची धड व्यवस्थाही नाही. आयुष्य संपल्यावर केंद्र कसे मोडीत काढायचे, याचा आराखडा देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे नव्हता. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या तेव्हा ४३ वर्षांच्या झाल्या होत्या.

हे आमचे आरोप नाहीत. संविधानाने निर्माण केलेल्या पदावरच्या अधिकाऱ्याने संसदेपुढे ठेवलेला हा अहवाल आहे. पुढे संसदेच्या लोकलेखा समितीनेही त्यावर कठोर शब्दांत लिहिले. स्वतंत्र नियामकासाठी सप्टेंबर २०११ मध्ये आणलेले विधेयक मात्र २०१४ ला लोकसभेबरोबर बारगळले.

कोलार: नाव कुणाचे पुढे येते

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. नोव्हेंबर २०१२ मध्ये कुडनकुलम अणुकेंद्राचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. कचरा कुठे ठेवणार, असे न्यायालयाने विचारले. सरकारच्या बाजूने उत्तर आले, ते कर्नाटकातल्या कोलारच्या बंद सोन्याच्या खाणींचे.

कोलार गोल्ड फील्ड्स म्हणजे काय, हे आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत असलेच पाहिजे. १८८० पासून ब्रिटिश कंपनीने तिथे सोने काढले. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणींत उतरणारे मजूर बहुसंख्येने तमिळ भागातून आलेले दलित होते. आंबेडकरी विचार तिथे रुजला, रिपब्लिकन पक्षाचे आमदार तिथून निवडून गेले. २००१ मध्ये सरकारने खाणी बंद केल्या. सोने गेले आणि मागे राहिले ते सायनाईड मिसळलेल्या मातीचे डोंगर. वारा सुटला की त्यांची धूळ आजही वस्तीत येते.

आणि देशाच्या सर्वांत घातक कचऱ्यासाठी जागा हवी म्हटल्यावर तोंडी आले ते याच गावाचे नाव. ८० च्या दशकात तिथल्या खाणीत सुमारे हजार मीटर खोलीवर शास्त्रज्ञांनी उष्णतेचे प्रयोग केले होते, हे खरे. त्या प्रयोगात खरा कचरा वापरलेला नव्हता, हेही खरे. पण गावाला कुणी विचारले होते? कोलारचे लोक रस्त्यावर उतरले. राज्य सरकारनेही विरोध केला. थोड्याच दिवसांत केंद्राकडून खुलासा आला की तिथे कचरा टाकण्याचा बेत नाही.

बेत नसेल तर नाव आले कसे? आम्ही असे म्हणत नाही की कुणी दिल्लीत बसून दलितांची वस्ती शोधून काढली. आमचे म्हणणे त्याहून गंभीर आहे. कुणी मुद्दाम शोधायची गरजच पडत नाही. जिथे जमीन आधीच ओरबाडलेली, माणसे आधीच बेरोजगार आणि आवाज आधीच दबलेला, ती जागा कागदावर आपोआप "योग्य" ठरते. आणि विचारण्याचे बंधन कायद्यात नसले की मध्ये थांबवणारे कुणी उरत नाही. गावाची घाण गावकुसाबाहेर न्यायला कुठे फर्मान लागत होते?

आम्ही एम.ए. ला समाजशास्त्रात उल्रिख बेक शिकलो. त्याचे 'रिस्क सोसायटी' हे पुस्तक १९८६ चे, म्हणजे चेर्नोबिलच्या वर्षातले. आधुनिक धोके श्रीमंत-गरीब भेद फारसे जुमानत नाहीत, असा त्याचा एक मुद्दा. परीक्षेत आम्ही तो लिहिला, गुणही मिळाले. पण भारतात हा धोका जातीची वाट बरोबर ओळखतो. झारखंडच्या जादुगोड्यात १९६७ पासून युरेनियम निघते आणि खाणीचा गाळ साठवलेले तलाव आहेत संथाळ व हो आदिवासींच्या गावांशेजारी. २००६ च्या डिसेंबरात गाळाची नळी फुटली, ती आधी गावकऱ्यांनीच पाहिली. दिल्लीत २०१० मध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. एक कामगार मेला, इतर काही जण होरपळले. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये बंद दवाखान्यातले सिझियमचे यंत्र भंगार वेचणाऱ्यांच्या हाती लागले आणि चार जीव गेले. देश वेगळे, यंत्रे वेगळी. सगळ्यात खाली असलेले हात तेच.

परभणीच्या त्या मावशींचा या लेखाशी संबंध इथे आहे.

बुद्धाचे नाव कशासाठी?

बौद्ध म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७४ च्या पोखरण स्फोटाला नाव मिळाले 'हसरा बुद्ध'. १९९८ चे पहिले स्फोट झाले ११ मे रोजी, बुद्धपौर्णिमेला. १९७४ चे प्लुटोनियम तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार झाले आणि तिथेच वेगळे काढले गेले, म्हणजे त्याचा कचराही महाराष्ट्रात उरला. पुढे जादुगोड्यावर श्रीप्रकाश यांनी माहितीपट काढला आणि त्याच्या नावात बुद्धाला रडताना दाखवले. आम्हाला त्या माहितीपटातला बुद्ध जवळचा वाटतो. तथागतांनी दुःख आहे हे मान्य करण्यापासून सुरुवात केली. आपले खाते दुःख झाले हे कबूल करायलाच तयार नसते.

"तुम्ही विज्ञानविरोधी आहात का?"

हा आक्षेप येणार. बाबासाहेब वीज आणि उद्योगांचे खंदे पुरस्कर्ते होते, मग तुम्ही अणुविजेला आडवे का येता?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाणी यांच्या राष्ट्रीय नियोजनाचा पाया त्यांनी त्याच खात्यातून घातला, हे अगदी खरे. पण त्याच खात्यातून त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय पद्धतही पुढे नेली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. वीज हवी, आणि ती बनवताना ज्याचा जीव धोक्यात येतो तो माणूसही चर्चेत हवा, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकत्र होत्या. आम्हीही तेच मागतो.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय सुरक्षेचा. बॉम्बचे रहस्य गुप्त ठेवा, आमचे काही म्हणणे नाही. पण कचरा किती साठला, कुठे साठला, कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सर्ग गेला, यात कसले लष्करी रहस्य? फिनलंडने १९८७ च्या कायद्याने स्थानिक नगरपालिकेला नकाराचा अधिकार दिला. युराजोकी नगरपालिकेने २००० मध्ये होकार दिला आणि २००१ मध्ये संसदेने मंजुरी दिली. मगच ओंकालोचे भुयार खोदले गेले. अमेरिकेत १९८७ मध्ये काँग्रेसने नेवाडातला युक्का पर्वत वरून लादला. राज्याने आणि ती आपली भूमी मानणाऱ्या शोशोनी आदिवासींनी विरोध केला, आणि अब्जावधी डॉलर खर्चूनही तिथे आजवर कचरा गेलेला नाही. विचारल्याने काम अडते असे म्हणणाऱ्यांनी या दोन देशांची तुलना करावी.

आपल्याकडे मे २०१३ च्या कुडनकुलम निकालात सर्वोच्च न्यायालयाने खोल भूगर्भीय साठवणीची सोय लवकरात लवकर करा, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा केला. १९६२ चा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना अणुविजेचे दार उघडले, नियामक मंडळाला अखेर कायद्याचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला त्याचे स्वागत. पण वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया आणि अतितीव्र कचरा केंद्राकडेच राहिला, आणि माहिती रोखण्याचा अधिकारही सरकारकडेच राहिला. वीज विकणारे आता खासगी असू शकतील आणि कचरा मात्र जनतेच्या खात्यावर! कचऱ्याच्या जागेसाठी गावाची संमती घेण्याचा मुद्दा १९४८ मध्ये जिथे होता, आजही तिथेच आहे.

आपण काय करायचे

आमच्या मागण्या साध्या आहेत. कायमच्या साठवणीची जागा ठरवण्याआधी तिथल्या ग्रामसभांची आणि नगरपालिकांची संमती कायद्याने सक्तीची करा. किती कचरा, कुठे, कोणत्या तीव्रतेचा, याचा अहवाल दरवर्षी संसदेत ठेवा. नियामक मंडळाने थेट संसदेला उत्तर द्यावे, आणि भाभा केंद्राच्या कचरा सुविधाही त्याच्या देखरेखीत आणाव्यात. कंत्राटी कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सर्ग गेला, याची नोंद त्याच्या हातात द्या.

आणि काही काम आपल्या हातातले आहे. औंढा नागनाथजवळ लिगो प्रकल्प येतो आहे. १९९९ पर्यंत तो भाग आपल्याच परभणी जिल्ह्यात होता. गुरुत्वीय लहरी टिपणारी ती वेधशाळा आहे, तिथे अणुभट्टी नाही, अणुकचराही नाही. अफवा पसरवू नका, कुणी पसरवली तर खोडून काढा. पण प्रकल्पात अणुऊर्जा विभाग आहे, तेव्हा त्या खात्याला प्रश्न विचारण्याची सवय आपण इथूनच लावू शकतो. दुसरे, प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या भंगारवाल्यांकडे आणि वेचक महिलांकडे तीन पात्यांचे ते चिन्ह घेऊन जावे. बंद पडलेले एक्स-रे यंत्र स्वतःहून किरणे सोडत नाही. खरा धोका कर्करोगाच्या जुन्या उपचार यंत्रांतल्या आणि कारखान्यांतल्या कोबाल्ट-सिझियमसारख्या स्रोतांचा आहे. शिशाचे जड, बंद डबे आणि त्यावर ते चिन्ह दिसले तर फोडू नका, हात लावू नका, दूर व्हा, पोलिसांना आणि जिल्हा प्रशासनाला कळवा. एवढे सांगायला एक बैठक पुरते.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि हे शहर रस्त्यावर उतरले. त्याची किंमतही या शहराने मोजली. ज्या संविधानासाठी आपण उभे राहिलो, त्याच्या सातव्या अनुसूचीत अणुऊर्जा लिहिलेली आहे आणि एकविसाव्या कलमात जगण्याचा हक्क. तेव्हा परभणीला अणुकचऱ्याचे काय पडले आहे, असे पुन्हा कुणी विचारले, तर त्या मावशींचे वाक्य सांगा. आम्हाला कुणी सांगितले नाही, म्हणून आता आम्ही विचारणार आहोत.

जय भीम! जय संविधान!